पुस्तके आणि कॉफीच्या छोट्या दुकानाच्या मासिक पत्रात शिफारस कशी लिहावी?

प्रश्न: पानफूल (सातारा)

सर्वांना नमस्कार.

साताऱ्यात माझी धाकटी बहीण आणि मी मिळून पुस्तकांचे एक छोटे दुकान चालवतो. गाळा लांबट आहे. रस्त्याच्या बाजूला चार टेबले मांडली आहेत आणि तिथे फिल्टर कॉफी, चहा व थोडे खाण्याचे पदार्थ मिळतात. आतल्या बाजूला दोन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटे आहेत. निम्म्याहून अधिक पुस्तके मराठी आहेत, थोडी इंग्रजी व हिंदी आहेत, आणि सर्वांत खालचा कप्पा पूर्णपणे मुलांचा आहे.

दर महिन्याच्या आरंभी आम्ही एकपानी पत्र काढतो. ते टेबलांवर छापील स्वरूपात ठेवलेले असते आणि ज्यांनी आपला क्रमांक दिला आहे त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरही जाते. वरच्या भागात दुकानाच्या बातम्या असतात: कोणती पुस्तके नव्याने आली, शनिवारी कोणत्या पुस्तकावर गप्पा होणार आहेत, दिवाळी अंकांची नोंदणी कधी सुरू होते, या वेळची कॉफी कोणत्या मळ्यातून आली. खालच्या भागात पाच पुस्तकांची शिफारस असते. त्यात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, किंमत आणि तीन-चार ओळींचा परिचय इतके असते.

बातम्यांना प्रतिसाद चांगला मिळतो. दिवाळी अंकांची नोंदणी सुरू झाल्याचे कळवले की त्याच दिवशी फोन येऊ लागतात. शिफारस केलेली पुस्तके मात्र लोक हातात घेतात, चाळतात आणि बहुधा परत ठेवून देतात. जानेवारी २०२६ मध्ये ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात झाले, तेव्हा या शहरात पुस्तकांसाठी किती माणसे घराबाहेर पडतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे वाचक नाहीत असे मला म्हणवत नाही. आमची शिफारस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, असेच मानावे लागते.

एका पत्रात किती पुस्तके सुचवावीत? ती नवी असावीत की जुनीही चालतील? परिचयात नेमके काय लिहावे, जेणेकरून वाचकाला ते पुस्तक घरी न्यावेसे वाटेल? आणि दुकानाची बातमी म्हणजे काय, याचाही आपण विचार सांगितला तर बरे होईल. ग्रंथपाल, विक्रेते आणि वाचक या सर्वांचे अनुभव मला हवे आहेत.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल (सांगली)

पानफूलताई, आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसून मी आयुष्यभर हेच काम केले आहे. माझे पहिले म्हणणे असे की पाच पुस्तके फार होतात. पाच परिचय एकाखाली एक आले की वाचक ती यादी समजतो, आणि यादी वाचून होते, पण लक्षात राहत नाही. आपण दोनच पुस्तके सुचवा. एकाबद्दल दहा-बारा ओळी लिहा आणि दुसऱ्याबद्दल तीन.

दुसरे म्हणजे, ज्याने ते पुस्तक अखेरपर्यंत वाचले आहे त्यानेच शिफारस लिहावी आणि खाली आपले नाव घालावे. दुकानात आपण दोघी बहिणी आहात. काय सुचवले हे वाचण्याइतकेच कोणी सुचवले हे जाणून घेण्याची इच्छा नेहमीच्या गिऱ्हाइकाला असते. एका बहिणीची आवड आपल्याशी जुळते, दुसरीची जुळत नाही, हे त्याला काही महिन्यांत कळू लागते आणि मग तो त्या नावाकडे पाहून पुस्तक उचलतो.

परिचय लिहिताना ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘हृदयस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारे’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. ते खोटे असतात असे नाही, परंतु ते कोणत्याही पुस्तकाला लावता येतात, आणि वाचकाला तर हेच पुस्तक का, हे जाणून घ्यायचे असते. पुस्तकातील एखादी अशी गोष्ट सांगावी, जी दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले देतो. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याचा परिचय ‘दलित स्त्रीच्या जीवनाचे विदारक चित्रण’ असा केला, तर ते पुस्तक कपाटातच राहील. त्याऐवजी असे लिहिता येईल: बेबीताई फलटणला छोटे किराणा दुकान चालवत. सामान बांधण्यासाठी आलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचे कागद त्या वाचत आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या स्वतः लिहीत. ते लिखाण त्यांनी अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. महार समाजातील बायकांचे रोजचे जगणे, त्यांची उपासमार, सासुरवास, अंगात येणे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांनी त्या घरांमध्ये झालेली उलथापालथ हे सारे त्यांनी ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ म्हणून सांगितले आहे. एवढे लिहिले की फलटणचा माणूस, दुकान चालवणारी बाई, आजीकडून जुन्या गोष्टी ऐकलेली मुलगी, अशा तिघांना त्या पुस्तकात शिरायला तीन वेगळ्या वाटा मिळतात.

हे पुस्तक कोणासाठी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी असंख्य वाचकांच्या हाती दिले आहे. देताना मी सांगत असे की यात घटना एकामागून एक वेगाने येतात आणि बाई स्वतःविषयी लिहितानाही कुठे थांबून उसासे टाकत नाही. म्हणून ज्यांना संथ, चिंतनशील लेखन आवडते त्यांनी पहिली वीस पाने वाचून ठरवावे. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरुवात होते, आणि पती रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची तिची एकाकी वर्षे येईपर्यंत वाचक तिच्या घरातलाच झालेला असतो. असा इशारा दिल्याने पुस्तक परत येत नाही, उलट वाचक तयारीने बसतो.

तिसरा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपले दुकान साताऱ्यात आहे, तेव्हा एक कप्पा सातारा जिल्ह्याचा करा आणि दर महिन्याच्या दोनांपैकी एक शिफारस शक्यतो त्यातून द्या. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरणाऱ्या, फोकाच्या पाट्या-डालगी विणणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलगा शाळेत कसा टिकतो, हे त्यात आहे. त्याला १९८१ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ माणदेशातील आहे, आणि तो माणदेश आपल्या जिल्ह्यातील माण तालुक्यापर्यंत पसरलेला आहे. वाईला मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले. त्यांचे लेखनही या कप्प्यात शोभेल. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ पन्हाळ्याकडच्या बोलीतली आहे, परंतु धरणामुळे उठलेल्या माणसांची ती कादंबरी कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या पाटण-जावळीच्या लोकांना परकी वाटणार नाही.

नवे की जुने, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की वाचकासाठी न वाचलेले प्रत्येक पुस्तक नवेच असते. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ १९३९ चे आहे. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक जर्मन ज्यू तरुणी यांची गाठ पडते आणि जग युद्धाच्या कडेला उभे असते. आजच्या पंचविशीतील वाचकाला हे पुस्तक दिले, की तो दुसऱ्या दिवशी येऊन असे आणखी काय आहे असे विचारतो.

उत्तर: विक्रेता (कोल्हापूर)

ग्रंथपाल सरांनी लिहिण्याबद्दल जे सांगितले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. मात्र दुकान आणि ग्रंथालय यांत एक फरक आहे आणि तो पत्रात दिसला पाहिजे. ग्रंथालयातील पुस्तक कपाटात असतेच. दुकानातील पुस्तक संपते. म्हणून शिफारस छापण्यापूर्वी वितरकाला फोन करून प्रती मिळणार आहेत याची खात्री करून घ्यावी. मराठीत एका आवृत्तीच्या प्रती मर्यादित निघतात आणि पुनर्मुद्रण कधी होईल हे प्रकाशकालाही पुष्कळदा ठाऊक नसते. वाचकाने पत्र वाचून दुकानात यावे आणि ‘आवृत्ती संपली आहे’ असे ऐकून परत जावे, असे दोनदा घडले तर तो तिसऱ्यांदा पत्र वाचत नाही.

जुन्या पुस्तकांबद्दल सरांशी माझा थोडा मतभेद आहे. दुकानाने फक्त पारखलेली जुनी पुस्तके सुचवली, तर आज लिहिणाऱ्याचे पुस्तक वाचकापर्यंत कोण नेणार? पहिले पुस्तक लिहिणाऱ्या लेखकाला मोठ्या शहरातील प्रदर्शनात जागा मिळत नाही आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून परीक्षणांची जागाही आक्रसली आहे. अशा वेळी एखाद्या गावातील दुकानदाराने ‘मी हे वाचले आणि मला आवडले’ असे म्हणणे त्या पुस्तकासाठी फार मोलाचे असते. दोन शिफारशींपैकी एक गेल्या दोन वर्षांतील पुस्तकाची असावी, असा नियम मी सुचवीन. साहित्य अकादेमीचा मराठी पुरस्कार २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या कथासंग्रहाला, २०२२ मध्ये प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला आणि २०२३ मध्ये ‘रिंगाण’ला मिळाला. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या भागांतील हे लेखन आहे. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर मागणी येते हे खरे, पण त्याआधी ही पुस्तके छोट्या दुकानांनी आणि वाचकांनीच एकमेकांना सांगितली होती.

आता बातमीविषयी. माझ्या मते दुकानाची बातमी म्हणजे जी आपल्याशिवाय दुसरे कोणी त्या वाचकाला सांगणार नाही ती. आपण जी कॉफीच्या मळ्याची माहिती देता ती चांगली आहे, पण पुस्तकांच्या जगातही अशा बातम्या पुष्कळ असतात आणि त्या छापून येत नाहीत. बरीच वर्षे न मिळणारे पुस्तक पुन्हा छापून आले, ही बातमी आहे. एखाद्या ग्रंथासाठी प्रकाशनपूर्व सवलत जाहीर झाली आणि अमुक तारखेपर्यंत पैसे भरले तर तो कमी किमतीत मिळेल, ही तर फारच उपयोगी बातमी आहे. मराठीत या पद्धतीला जुनी परंपरा आहे. १९७४-७५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वाचकांना आधीच सभासद करून घेतले आणि त्यांच्या बळावर पुस्तके काढली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि वर उल्लेख आलेले ‘उपरा’ १९८० मध्ये त्यांनीच प्रकाशित केले. वाचकाला आधी सांगून, त्याला विश्वासात घेऊन पुस्तक विकता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. आपले एकपानी पत्र त्याच कामासाठी वापरता येईल.

एक सावधगिरी सांगतो. शिफारस केलेल्या पुस्तकावर फुकट कॉफी देऊ नये. मोह होतो, कारण कॉफीत नफा अधिक असतो आणि रोजची रोकड तिथूनच येते. पुस्तकाच्या छापील किमतीतून वितरकाचा वाटा गेल्यावर दुकानदाराच्या हाती थोडेच उरते. परंतु पुस्तकाला आमिष जोडले की आपल्या शिफारशीचा शब्द हलका होतो. त्याऐवजी, शनिवारच्या गप्पांना जो येईल त्याला कॉफी द्यावी. तिथे ती पाहुणचार असते. ऑनलाइन विक्रेत्यांच्या किंवा प्रदर्शनांच्या सवलतींशी स्पर्धा करण्याच्या भानगडीतही पडू नये. मुंबईचे टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात लहानशा जागेत पुस्तके विकायला सुरुवात केली आणि पुढे फोर्टमधील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ पर्यंत चालला. तिथे सवलत मिळत असे हे खरेच आहे, पण गिऱ्हाईक काय वाचतो हे तिथल्या माणसांना ठाऊक असे, म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या जात राहिले.

कॉफी आणि पुस्तके यांचे बिल वेगवेगळे करावे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि नोंदणीकृत साध्या उपाहारगृहातील खाद्यपेयांवर तो ५ टक्के आहे, म्हणून हिशेबासाठी ते सोयीचे पडतेच. शिवाय पुस्तकांचे बिल वेगळे असले की कोणत्या शिफारशीमुळे किती प्रती गेल्या हे महिनाअखेरीस स्पष्ट दिसते. प्रती घेताना शक्य असेल तिथे परतीच्या बोलीवर, म्हणजे न विकल्या गेल्यास परत करता येतील अशा अटीवर घ्याव्यात. शिफारशीच्या पुस्तकाच्या मात्र काही प्रती रोख घेऊन ठेवाव्यात, कारण रोखीने घेतलेल्या मालाला वितरक लवकर पाठवतो.

साताऱ्याचा पाऊस लक्षात घेऊन आणखी एक सांगतो. कॉफीच्या यंत्राची वाफ आणि जुलै-ऑगस्टमधील ओल एकत्र आली की पुस्तकांच्या कडा लहरतात आणि शिवणीत बुरशी धरते. वाफेच्या बाजूला पुस्तके ठेवू नयेत, मागच्या भिंतीपासून कपाट चार बोटे पुढे ओढावे आणि डांबराच्या गोळ्या वापरू नयेत. त्यांचा वास कागदात बसतो आणि कॉफी प्यायला आलेला माणूस पुस्तक उघडताच मिटतो. कडुनिंबाचा वाळवलेला पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवला तर कसर दूर राहते आणि वासही उग्र येत नाही.

उत्तर: प्राथमिक शिक्षिका (वाई)

मुलांच्या कप्प्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते.

मोठ्यांच्या शिफारशीत मुलांचे पुस्तक शेवटी ओझरते येते. त्याऐवजी पत्रात एक छोटी चौकट मुलांनी सांगितलेल्या पुस्तकासाठी ठेवावी आणि ती मुलाच्याच शब्दांत छापावी. माझ्या वर्गातील एका मुलाने भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’विषयी लिहिले होते की ‘बन्या सायकलवरून जातो आणि ट्टॉक् करतो आणि त्याला भीती वाटते तरी तो जातो’. या एका वाक्याने वर्गातील किती तरी मुलांनी ते पुस्तक मागितले. मोठ्या माणसाने लिहिलेल्या ‘साहसी कुमारकथा’ या शब्दांनी तसे झाले नसते.

पुस्तके निवडताना वयापेक्षा मूल वाचायला कितपत सरावले आहे हे पाहावे. अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके फार उत्तम आहेत, कारण चित्रे आणि मजकूर दोन्ही त्यांचेच असतात आणि चित्रांत मजकुरापेक्षा जास्त काही घडत असते. मूल एकेका पानावर बराच वेळ थांबते. थोडे मोठे झाल्यावर चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेले ‘तोत्तोचान’ द्यावे. ते नॅशनल बुक ट्रस्टचे असल्याने किंमतही पालकांना परवडते. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ हे हरणाच्या पाडसाचे आणि ज्योडी या मुलाचे पुस्तक अकरा-बारा वर्षांच्या मुलांना जरूर द्यावे, मात्र शेवट दुःखाचा आहे हे पालकांना आधी सांगावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे अंक टेबलावर ठेवले, तर आईवडील कॉफी पीत असताना मूल तेच उचलते, असा माझा अनुभव आहे.

आपला मुलांचा कप्पा सर्वांत खाली आहे हे वाचून फार बरे वाटले. तिथे जमिनीवर एक सतरंजी अंथरावी. पुस्तक हाताळताना एखादे पान दुमडले तर मुलाला ओरडू नये. ज्या दुकानात ओरडा बसतो तिथे मूल पुन्हा यायला नको म्हणते आणि पालकही मग येत नाहीत.

उत्तर: दूरचा वाचक (वडोदरा)

माझे आईवडील सातारा जिल्ह्यातून इकडे आले आणि माझा जन्म वडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये ग्रंथालयांची जी व्यवस्था या संस्थानात सुरू केली, तिच्यामुळे इथे मराठी पुस्तके वाचायला अजूनही मिळतात; नवी विकत घ्यायची म्हटली तर मात्र अवघड जाते. तेव्हा पानफूलताई, आपले पत्र साताऱ्याबाहेर राहणाऱ्यांनाही पाठवावे अशी माझी विनंती आहे. आम्हांला शनिवारच्या गप्पांना येता येणार नाही, पण पुस्तके आम्ही मागवू.

त्यासाठी पत्रात तीन गोष्टी आवर्जून द्याव्यात: पृष्ठसंख्या, आवृत्तीचे वर्ष आणि अक्षरांचा आकार. शेवटची गोष्ट कोणीच देत नाही. माझ्या आईसाठी मी पुस्तक मागवतो तेव्हा ते उत्तम आहे की नाही यापेक्षा तिला ते चष्म्याने वाचता येईल की नाही याची मला अधिक काळजी असते. जुन्या पुस्तकांच्या काही स्वस्त आवृत्त्यांत अक्षरे इतकी बारीक आणि ओळी इतक्या दाट असतात की वयस्कर माणूस चार पानांत थकतो. ‘अक्षर ठळक आणि मोठे आहे’ एवढे तीन-चार शब्द आपण लिहिलेत तरी माझ्यासारखे पुष्कळ लोक निर्धास्तपणे पैसे पाठवतील.

पाठवण्याच्या खर्चाबाबत: टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली आहे. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून सुरू होतो आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये आहे, कर वेगळा. पार्सल जमिनीवरून येत असल्याने थोडा वेळ लागतो, पण ते कुठवर आले आहे हे पाहता येते. नियतकालिके त्यात बसत नाहीत, म्हणून दिवाळी अंकांसाठी पोस्टात आधी विचारून घ्यावे.

पानफूल (सातारा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर आम्ही दोघी बहिणींनी हे सारे एकत्र बसून वाचले. पुढच्या महिन्यापासून दोनच शिफारशी द्यायच्या, एक जुन्या आणि एक नव्या पुस्तकाची, आणि प्रत्येकीखाली जिने वाचले तिचे नाव घालायचे, असे ठरवले आहे. जुन्या-नव्याबद्दल ग्रंथपाल सर आणि कोल्हापूरचे सर यांची मते वेगळी असली, तरी आमच्या दुकानात दोन्ही प्रकारचे वाचक येतात, तेव्हा दोघांचेही ऐकणे शक्य आहे. मुलांची चौकट याच महिन्यात सुरू करतो. अक्षरांच्या आकाराची सूचना आम्हांला फारच आवडली. आमच्याकडे दुपारी येणाऱ्यांमध्ये निवृत्त मंडळी बरीच आहेत आणि पुस्तक उघडून डोळ्यांजवळ धरून पाहणे, मग खाली ठेवणे, हे आम्ही रोज पाहतो. त्यामागचे कारण आता लक्षात आले.

नव्या पद्धतीने लिहिलेली पहिली शिफारस इथे देते. कृपया निःसंकोचपणे दुरुस्त्या सुचवाव्यात.

‘रिंगाण, लेखक कृष्णात खोत. धरण झाले, गाव उठले आणि माणसे नव्या जागी राहायला गेली. जनावर मात्र जुन्या रानात मागे राहिले. ती म्हैस परत आणण्यासाठी एक माणूस पुन्हा त्या रानात जातो, आणि म्हैस आता त्याला ओळखायला तयार नसते. कादंबरीचा मोठा भाग माणूस आणि म्हैस यांच्यातील या ओढाताणीचा आहे. भाषा पन्हाळ्याकडची आहे. पहिल्या काही पानांत अडखळायला होते, म्हणून ती थोडी मोठ्याने वाचावीत, मग कानाला लय सापडते. ज्यांना भराभर पुढे जाणारे कथानक हवे असते त्यांना हे पुस्तक संथ वाटेल. ज्यांच्या घरात कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावाच्या आठवणी निघतात त्यांनी ते जरूर वाचावे, आणि वाचून झाल्यावर शनिवारी दुकानात येऊन आम्हांला त्या गावाविषयी सांगावे.’

कोल्हापूरच्या सरांना एक विचारायचे आहे. शिफारशीच्या पुस्तकाच्या रोखीने किती प्रती आणाव्यात, याचा अंदाज आपण कसा बांधता?

विक्रेता (कोल्हापूर)

शिफारस चांगली उतरली आहे. शेवटच्या वाक्यात आपण वाचकाला काही सांगण्यासाठी बोलावले आहे, ते तसेच ठेवावे. फक्त किंमत, पृष्ठसंख्या आणि अक्षरांचा आकार घालायचा राहिला आहे.

प्रतींबाबत: पत्र छापण्याच्या आधीच्या आठवड्यात नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांना हे पुस्तक आवडेल असे आपल्याला वाटते त्यांची नावे कागदावर लिहून काढावीत. जितकी नावे सुचतील त्याच्या निम्म्या प्रती रोखीने आणाव्यात आणि तेवढ्याच परतीच्या बोलीवर मागाव्यात. नावे तीन-चारच सुचली, तर त्या महिन्यात दुसरे पुस्तक निवडावे आणि हे पुढे ढकलावे. ‘रिंगाण’च्या बाबतीत मात्र पाटणकडून येणारी आपली गिऱ्हाईके किती आहेत ते आधी मोजा, आणि पावसाळ्यापूर्वीच प्रती मागवून ठेवा. जुलैमध्ये माल पोहोचायला उशीर होतो आणि आला तरी पार्सल ओले येण्याची भीती असते.